खडपावर घासलेली चोवीस कवचं

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता, देवगडच्या उत्तरेकडच्या एका खडपावर चोवीस काळपट लिंपेटांपैकी अठरा जागेवर नव्हती. आदल्या संध्याकाळी ती तिथेच होती. प्रत्येकाच्या पाठीवर मोहरीएवढ्या ठिपक्यात छापलेला आकडा चिकटवलेला होता आणि प्रत्येकाची जागा वहीत लिहिलेली होती. मधे दोन भरत्या येऊन गेल्या होत्या.

लिंपेट ही एक समुद्री गोगलगाय. तिचं कवच वेटोळं नसतं. उपड्या ठेवलेल्या वाटीसारखं असतं, साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. ओहोटीला ती खडकाला इतकी घट्ट धरून बसते की नखानं हलत नाही. खडप म्हणजे समुद्रात शिरलेला खडकाळ भाग, भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा. हे दोन्ही शब्द मला प्रवासाआधी माहीत नव्हते. आमच्या कोल्हापुरात ते लागतही नाहीत.

आम्ही तिघं होतो. अर्चना हुपरीची, वय एकोणतीस, प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. तिचे वडील दत्तात्रय यांना घरात आणि गल्लीत अण्णा म्हणतात. ते अडतीस वर्षं चांदीचे पैंजण घडवतात. मला अर्चनाच्या कामावर लेख लिहायचा होता, म्हणून मी बरोबर गेले.

अर्चनाचा प्रश्न सोपा होता. त्या खडपावर काळ्या, उघड्या खडकावर बसणारी लिंपेट काळपट दिसतात. वरच्या बाजूला जिथे बार्नेकल नावाचे खरखरीत पांढरे जीव दाटीनं चिकटलेले असतात, तिथली लिंपेट फिकट आणि पट्टेरी असतात. खडकाशी रंग जुळत नसेल त्या लिंपेटाला पक्षी आधी उचलतात का, हे तिला तपासायचं होतं. हा तिचा तिसरा हिवाळा होता. पहिल्या वर्षी जागा ठरवण्यात वेळ गेला, दुसऱ्या वर्षी ठिपके लाटांनी सुटून गेले. शिष्यवृत्ती मेमध्ये संपणार होती. पक्षी मार्चमध्ये उत्तरेकडे परततात. पुढच्या अमावास्येला खडप पुन्हा इतकंच उघडं पडणार होतं, पण मागच्या वर्षी त्या सुमाराला तिला तिथे तीनच पक्षी दिसले होते. म्हणजे जे काही हाती लागायचं ते याच पौर्णिमेच्या पाच-सहा दिवसांत.

अण्णांना बरोबर नेण्याचं कारण त्यांची बोटं. ओल्या कवचावर एवढासा ठिपका न हलता बसवायला अर्चनाला तीन मिनिटं लागत. अण्णांनी घरी अंगठ्याच्या नखावर बसवून दाखवला तो पंधरा सेकंदांत.

घाटाच्या अलीकडे

कोल्हापूरहून सकाळी सहाची एसटी. अण्णांनी कामाची पत्र्याची पेटी मांडीवर घेतली होती. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि पेटीकडे बघून थांबला.

"पावणं, कुठलं?"

"हुपरी."

"मग पेटीत चांदी हाय म्हणा की."

"चांदी असती तर एसटीनं आलो असतो व्हय? ब्रश, चिमटं, पक्कड. पोरीचं काम हाय."

"कसलं काम?"

"समुद्रातल्या गोगलगाईला नंबर घालायचाय."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. दोन सीट मागे गेल्यावर तो एका दूधवाल्याला म्हणाला, "ऐकलंस? म्हशीच्या कानात बिल्ला असतोय की, तसं आता गोगलगाईला." दूधवाल्यानं वळून अण्णांना विचारलं, "त्येंचा विमा असतोय काय?" अण्णा म्हणाले, "पोरीला इचारतो."

गगनबावड्याला गाडी वीस मिनिटं थांबली. स्टँडवर धुकं होतं, चहा गरम होता आणि भजी आदल्या घाण्यातली होती. तिथून घाट उतरला की एका तासात हवा, माती आणि घरांच्या भिंती बदलतात. उसाचे फड संपतात. जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे सुरू होतात, काजूच्या झाडांखाली सावली पातळ असते आणि आंब्यांवर मोहर आणि बारीक कैऱ्या एकाच वेळी दिसतात. लोकांचा आवाजही खाली येतो. आमच्याकडे समोरच्या दुकानदाराशी बोलताना रस्ता ओलांडायची गरज पडत नाही. तालेऱ्याच्या पुढे अण्णांनी खिडकीतून एकाला पत्ता विचारला, तेव्हा तो माणूस दचकला.

खडप, पहिला दिवस

उतरलो ती खोली शेवंतीमावशींच्या घरची. वय पासष्टच्या पुढे, अंगानं किरकोळ. ओहोटीला खडपावर जाऊन त्या कालवं काढतात. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. लोखंडी टोचीनं वरचं झाकण उडवायचं आणि आतला मऊ गोळा वाटीत घ्यायचा. दुपारी जेवायला त्याच कालवांचं सुकं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती.

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडून उजेडात धरला. "मऊ हाय. पण खाल्ल्यावर खाल्ल्यासारखं वाटत न्हाय."

"तुमची भाकरी म्हणजे कौल," मावशी म्हणाल्या. "दात कशे रवले तुमचे?"

अण्णांनी पेटीतून ठेचा काढला. मावशींनी बोटावर घेऊन चाखला, पाणी प्यायल्या आणि उरलेला ठेचा कागदात बांधून फळीवर ठेवला. सहाव्या दिवसापर्यंत तो संपला होता. आम्ही त्याला पुन्हा हात लावला नव्हता.

साडेतीनला मावशींबरोबर खडपावर गेलो. ओहोटी पावणेपाचच्या सुमारास तळाला जाणार होती. अण्णांच्या पायात कातडी कोल्हापुरी चप्पल होती. दहा मिनिटांत ती भिजून फुगली आणि पायातून निघेना. मावशींनी त्यांना रबरी सपाता दिल्या आणि म्हणाल्या, "ही कातडी रानात घाला. हयसर पाणी असा."

कामाची वाटणी ठरलेली होती. काळ्या खडकावरची चोवीस काळपट लिंपेट जागची न हलवता अण्णांनी ठिपका लावायचा. अर्चना वरच्या पांढऱ्या पट्ट्यातली चोवीस फिकट लिंपेट पातळ सुरीनं सोडवून काळ्या खडकावर आणून बसवणार, आणि त्यांनाही अण्णाच ठिपका लावणार. काळपट ती जुळणारी, फिकट ती न जुळणारी. दोन्ही गटांना एकाच हाताची हाताळणी. फिकट आधी संपतील असा तिचा अंदाज होता.

अर्चना पट्ट्याच्या वरच्या टोकाला, आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर होती. अण्णा उकिडवे बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि कामाला लागले. मी मोबाइलवर त्यांचे काही फोटो काढले. सव्वापाचला सगळे अठ्ठेचाळीस ठिपके लागले होते. एकही सुटला नव्हता. अर्चनानं शेवटी लावलेल्या दहा फिकटांवर बोट फिरवून पाहिलं.

"हलत न्हाय एकबी," ती म्हणाली.

"का हलंल?" अण्णा म्हणाले. "हुपरीचा हात हाय."

पौर्णिमा

दुपारी साडेतीनपासून आम्ही खडपापासून लांब, माडांच्या सावलीत बसलो होतो. पाणी उतरू लागलं तसे पक्षी आले. आधी सात, मग बारा. काळं-पांढरं अंग, कोंबडीएवढा आकार, लाल डोळा आणि गाजरासारखी लांब, सरळ चोच. मराठीत त्याला कालवफोड्या म्हणतात. तो ओल्या खडकावर घाईनं चालतो, मान वाकडी करून बघतो आणि लिंपेट सावध होण्याआधी तिच्या कडेला एकच तिरका घाव घालतो. घाव चुकला तर ती खडकाला दाबून बसते आणि मग पक्षी तिच्या नादी लागत नाही. बसला तर कवच उलटं होतं, पक्षी मांस ओढून घेतो आणि रिकामी वाटी तिथेच टाकतो. वाटीच्या कडेला टवका उडालेला राहतो.

"नेमच हाय की," अण्णा म्हणाले. ते हळू बोलत होते, असं त्यांचं मत होतं. तीन पक्षी उडाले.

"अण्णा, जरा तोंड बंद ठेवतासा?"

"मी कुठं बोलतोय."

साडेपाचला, पक्षी पुढच्या टोकाला गेल्यावर, आम्ही मोजायला उतरलो. फिकट गटातली सतरा गेली होती. काळपट गटातली अठरा. अर्चनानं दोनदा मोजलं. मग वही बंद केली आणि पुन्हा उघडली.

तिचा अंदाज खरा असता तर काळपट गटातली थोडीच जायला हवी होती. दोन्ही सारखीच गेली, याचा सरळ अर्थ रंगाचा काही संबंध नाही, असा निघत होता. तीन वर्षांच्या कामाचं ते उत्तर असू शकत होतं. ते मान्य करायला ती तयार होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. पण तिला एक गोष्ट खटकली. जागेवर उरलेली सहा लिंपेट काळपट दिसत नव्हती. पिवळसर, शिंगाच्या रंगाची, तपकिरी रेघांची दिसत होती, आणि उतरत्या उन्हात चमकत होती.

मी आदल्या दिवशीचे फोटो उघडून दाखवले. चौथ्या फोटोत अण्णांच्या उजव्या हातात ठिपक्याचा चिमटा होता. डाव्या हातात पितळी तारांचा ब्रश होता. शेजारी खडकावर एक प्लॅस्टिकची बाटली होती.

"अण्णा, ब्रश कशाला घेतलासा?"

"घासायला."

"काय घासायला?"

"त्येंची पाठ. नुसती शेवाळाची बुरशी बसलीया. त्येच्यावर ठिपका कसा धरंल? घासलं, पुसलं, चिकटवलं."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. एक सोडली न्हाय."

हुपरीतल्या कामाची रीत इथे सांगायला हवी. पैंजण एका घरात पूर्ण होत नाही. तार एका घरात ओढतात, कड्या दुसऱ्या घरात जोडतात, घुंगरू तिसरीकडे लागतात. माल एका घरातून दुसऱ्या घरात जाताना घासून, धुऊन जातो. मळका माल पुढे पाठवणाऱ्याच्या हाताला पुढचा कारागीर नावं ठेवतो. आणि घासल्याशिवाय जोड धरत नाही, ही तिथे सहाव्या वर्षी शिकलेली गोष्ट असते. त्यामुळे कवचाची पाठ घासायची की नाही, हे अर्चनाला विचारावं असं अण्णांना वाटलंच नव्हतं. आणि घासू नका हे सांगावं असं अर्चनाला सुचलं नव्हतं.

काळपट लिंपेट काळपट दिसतात ती त्या शेवाळाच्या थरामुळे. थर गेल्यावर त्यांची पाठ दुरून पांढऱ्या पट्ट्यातल्या लिंपेटांसारखीच फिकट होती. अर्चनाचे दोन गट उरलेच नव्हते.

"आणि बाटलीत काय होतं?"

"रिठ्याचं पाणी. घरनंच आणलतं."

अर्चना खाली बसली. रिठ्याचा फेस गोगलगाईंना मारतो, हे तिनं शांतपणे सांगितलं. शेतात गोगलगाय झाली की तोच फवारतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे गेलेल्या अठरांपैकी किती पक्ष्यांनी नेली आणि किती रिठ्यानं सैल होऊन लाटेबरोबर गेली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. आसपास शोधल्यावर कडेला टवका उडालेल्या अकरा वाट्या सापडल्या. दोन्ही गटांतल्या पस्तीसपैकी अकरा.

"तुम्हाला एक काम सांगितलतं, अण्णा. चिकटवा म्हणून."

"मग चिकटवलं की. सुटलं का एकतरी?"

"लिंपेटच सुटली."

अण्णांनी ब्रश खिशात घातला. रात्री जेवताना त्यांनी भाकरीला नावं ठेवली नाहीत.

तिसरा दिवस

सकाळी उकड्या तांदळाची पेज होती. अर्चना मार्गदर्शकांना कळवायचा मजकूर लिहीत होती आणि खोडत होती. मावशी चुलीशी बसून ऐकत होत्या. मी त्यांना काय झालं ते थोडक्यात सांगितलं होतं.

"नंबरवाले गेले," मावशी म्हणाल्या. "पण तेंच्या शेजारचे? बिननंबरचे? काल तुमी गेल्यार मी थयसरच कालवां काढी होतंय. तेंतलो येकय हल्लो नाय."

"मावशी, तुम्ही बघितलं?" अर्चनानं विचारलं.

"कालवां काढतंय म्हणजे बघूकच लागता. पाखरू चकचकता ता पयला उचलता. मीसुद्धा ताज्या पांढऱ्या कडेचा कालव पयला बघतंय."

अर्चनानं प्रयोगाआधी काढलेले खडकाचे फोटो उघडले. मग आदल्या संध्याकाळचे. काळ्या खडकावर मोजणीसाठी आखलेल्या त्याच चौकटीत न घासलेली, ठिपका नसलेली लिंपेट दोन्ही फोटोंत जवळजवळ तेवढीच होती. तिनं एकेक जागा पेन्सिलनं खूण करून तपासली. त्याला तास लागला. मग तिनं मार्गदर्शकांना लिहिलेला मजकूर पुसून टाकला.

नवा आराखडा तिनं पेजेच्या ताटलीशेजारी वहीवर काढला. फिकट लिंपेट हलवायचीच नाहीत. काळ्या खडकावरचीच अठ्ठेचाळीस नवी निवडायची. चोवीस घासायची, चोवीस तशीच ठेवायची. तोच प्राणी, तोच खडक, तेच पाणी, फरक फक्त पाठीवरच्या थराचा. रिठा नाही, फक्त समुद्राचं पाणी. पहिल्या दिवसाचे आकडे मोजायचे नाहीत.

अडचणी दोन होत्या. थरावर ठिपका धरत नाही हे अण्णांचं म्हणणं खरं होतं. आणि घासण्याच्या धक्क्यानंच लिंपेट सैल होत असेल, तर न घासलेल्यांनाही तेवढाच धक्का बसायला हवा.

ती अंगणात गेली. अण्णा मावशींच्या बोथट टोचीला धार लावत बसले होते.

"अण्णा, ठिपक्यापुरती जागा घासता येती का? तेवढीच. भोवतीचं शेवाळ न हलता."

अण्णांनी मान वर केली नाही. "कडीला जोड देताना तेवढीच घासतोय की आमी. सुईच्या टोकानं. बाकीचं कशाला उगाळायचं."

"मग परवा का उगाळलं?"

"तू पुरा माल दिलतास. जोड कुठं द्यायचाय ते सांगितलं न्हाईस."

अर्चना त्यांच्यासमोर बसली. "आणखी एक. निम्म्यांना पितळी ब्रशानं घासायचं. निम्म्यांना केसाच्या मऊ ब्रशानं, तेवढाच वेळ, तेवढाच दाब. शेवाळ निघता कामा नये."

"म्हंजे नुसतं घासल्याचं सोंग करायचं?"

"व्हय. सोंगच."

"अडतीस वर्सांत हे केलं न्हाय मी."

"मला ठाऊक हाय."

सायंकाळची ओहोटी सहाला होती, पण खडक साडेचारलाच उघडा पडला. अर्चनानं निवडलेल्या लिंपेटांपुढे खडूनं खुणा केल्या, एक घासायची, एक सोंगाची, आलटून पालटून. मी घड्याळ लावून वीस सेकंद मोजत होते. पहिल्या सोंगाच्या लिंपेटावर अण्णांचा हात सहाव्या सेकंदाला जड झाला आणि कडेचं शेवाळ निघालं. ते बाद. दुसरंही बाद. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी ब्रश उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. डाव्या हाताला घासायची सवय नाही, असं ते म्हणाले. पण मग दोन्ही गट एकाच हातानं व्हायला हवेत, असं अर्चनानं सांगितलं, तेव्हा उजव्या हातानं घासलेलीही बाद झाली आणि अण्णांनी पितळी ब्रशही डाव्या हातात घेतला. त्यामुळे काम लांबलं.

"पाखरू बघता बघा," मावशी लांबून म्हणाल्या. खरंच एक कालवफोड्या साठेक पावलांवर उभा होता.

"बघू दे," अण्णा म्हणाले. "त्येच्यासाठीच चाललंय." या वेळी ते खरोखर हळू बोलले. पक्षी तिथेच राहिला.

सव्वासहाला उजेड जायच्या आत अठ्ठेचाळीस झाली.

चौथा आणि पाचवा दिवस

आता मोजणी सकाळच्या ओहोटीला, साडेसहानंतर. चौथ्या दिवशी घासलेल्या गटातली पाच नव्हती. सोंगाच्या गटातली सगळी होती. अर्चनानं आकडे लिहिले आणि पुढच्या चौकटीकडे गेली. पाच हा फार मोठा आकडा नाही, एवढंच म्हणाली.

पक्ष्यांचाच हात आहे हे सिद्ध करायला रिकाम्या वाट्या हव्या होत्या. त्या लाटेनं भेगांत जातात. अर्चनाला अर्ध्या तासात एक सापडली. अण्णांना त्याच वेळात तीन. हुपरीच्या घरात संध्याकाळी फरशी झाडून तो केर चाळतात, कारण त्यात चांदीचे कण असतात. अण्णांनी खडकाच्या भेगा तशाच चाळल्या. बोटांनी वाळू पसरायची, डोळा जवळ न्यायचा, पुढे सरकायचं. प्रत्येक वाटी ते कडेवर नख फिरवून बघत.

"हितं टवका हाय. चोच लागलीया." मग दुसरी. "हितं न्हाय. ही कशानं मेली काय म्हाईत."

ठिपक्यावरचा आकडा वाचून अर्चना वहीत नोंद करत होती. दोघांमध्ये बोलणं तेवढंच होतं, आकडा आणि टवका. पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापासून थोडी लांब होते. अर्चना म्हणाली, "अण्णा, बाविसावी सोडून पुढं गेलासा." ते मागे फिरले. बाविसावी जागेवर होती.

त्या दिवशी दुपारी जेवणात कुळथाची पिठी होती. अण्णांनी दोनदा घेतली आणि हुपरीला फोन करून घरी सांगितलं, "कुळीद घेऊन येतो." मावशींनी त्यांना पिठाचं प्रमाण सांगितलं. अण्णांनी अर्चनाला ते तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला सांगितलं. अर्चनानं ते लिहिलं. लिंपेटांच्या नोंदी आणि कुळथाच्या पिठीचं प्रमाण एकाच वहीत आहे.

सहावा दिवस

ओहोटी आठला होती, पण पाणी पूर्वीइतकं उतरलं नाही. काळ्या खडकाची खालची बाजू गुडघाभर पाण्यात राहिली. अण्णा पाण्यात बसले आणि पालथ्या हातानं एकेक कवच चाचपलं, कारण बघता येत नव्हतं. मावशींनी त्यांच्या पाठीमागे उभं राहून लाट येताना सांगितलं. अठ्ठेचाळीस जागा तपासायला चाळीस मिनिटं लागली.

घासलेल्या चोवीसांपैकी तेरा गेली होती. त्यांतल्या नऊंच्या वाट्या सापडल्या, आणि नऊही वाट्यांच्या कडेला टवका होता. सोंगाच्या चोवीसांपैकी तीन गेली होती. एकीची वाटी सापडली, तिलाही टवका होता. उरलेल्या दोघींचं काय झालं ते कळलं नाही. तसं वहीत लिहिलं.

अर्चनानं तिथेच, पाण्यात उभं राहून, आकडे मार्गदर्शकांना पाठवले. मग अण्णांना म्हणाली, "उठा आता. थंडी वाजंल."

"झालं का?"

"झालं."

मावशींनी निघताना कोकमं दिली. अण्णांनी त्यांना टोची परत दिली. तिला दोन्ही बाजूंनी धार लावलेली होती. मावशींनी ती अंगठ्यावर फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "येवा परत. पण ब्रश घरी ठेवन येवा."

"ब्रशाबिगर येतोय कोण," अण्णा म्हणाले.

कोल्हापूर

मार्गदर्शकांचं उत्तर गगनबावड्याच्या स्टँडवर आलं. अर्चनानं ते मला वाचून दाखवलं. संख्या लहान आहे, निष्कर्ष शक्यता या शब्दात मांडावा. पहिल्या दिवसाची चूक लपवू नये, पूर्ण लिहावी. दुसरा प्रयोग प्रबंधात घेता येईल.

अण्णांनी विचारलं, "काय म्हणत्यात?"

"घेता येईल म्हणत्यात."

अण्णांनी मान हलवली आणि भजी आणायला गेले. या वेळी ती ताज्या घाण्यातली होती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेवंतीमावशींनी फोनवर कळवलं की खडपावर आता एकही कालवफोड्या नाही. अर्चनानं प्रबंध मे महिन्यात विद्यापीठात सादर केला. तो इंग्रजीत आहे. कार्यपद्धतीच्या प्रकरणात पहिल्या दिवशीच्या रिठ्याच्या पाण्याची नोंद एका परिच्छेदात आहे. त्याखाली दुसऱ्या प्रयोगाबद्दल जे वाक्य आहे त्याचा मराठी अर्थ असा: सर्व अठ्ठेचाळीस कवचं एकाच व्यक्तीनं डाव्या हातानं, प्रत्येकी वीस सेकंद घासली, या व्यक्तीला चांदीकामाचा अडतीस वर्षांचा अनुभव आहे.